भाजी दर वेळी ताटातच राहते? आधी तक्रार नेमकी कोणती ते ओळखा

"मला भाजी आवडत नाही" ही एक तक्रार नसते. पाच-सहा वेगवेगळ्या तक्रारी एकाच वाक्यात गुंडाळलेल्या असतात. कुणाला कारल्याचा कडूपणा सोसत नाही, कुणाला भेंडीचा बुळबुळीतपणा, कुणाला शिजलेल्या कोबीचा वास. कुणाला दोडका पाणचट वाटतो, तर कुणाच्या दातात गवारीचे दोरे अडकतात. या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा. म्हणून "उद्यापासून भाज्या खायच्याच" असा निश्चय दहा-बारा दिवसांत मोडतो आणि घर पुन्हा पिठलं-भाकरी, ठेचा-भाकरी, बटाट्याची भाजी यावर येतं. दोष बहुतेक वेळा माळव्यात, म्हणजे भाज्यांत, नसतो, त्या शिजवण्याच्या एखाद्या पायरीत असतो. ती पायरी सापडली की अर्धं काम झालं.

आधी मोजून बघा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० उष्मांकांच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाजीपाला आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते आणि बटाट्यासारखे पिठूळ कंद त्यात धरत नाही. पोषण संस्थेचा आकडा धरला तर चार मोठ्या माणसांच्या घराला आठवड्याला ११ किलोच्या वर भाजी लागते. आठवडी बाजारातून आलेली पिशवी एकदा काट्यावर ठेवा, कांदे-बटाटे बाजूला काढून. आकडा पाहिल्यावर पुढचं पटेल.

घरच्या मापात सांगायचं तर १५० मिलिलिटरची एक वाटी सुकी फळभाजी म्हणजे साधारण १०० ते १२५ ग्रॅम कच्ची भाजी. पालेभाजी मात्र फसवते: निवडलेली २०० ग्रॅम मेथी शिजल्यावर जेमतेम वाटीभर होते. जे लोक "आम्ही रोज भाजी खातो" म्हणतात, त्यांची भाजी पुष्कळदा भाकरीला लावण्यापुरती दोन चमचे असते. तोंडी लावणं आणि भाजी खाणं यात हा फरक आहे.

आज १०० ग्रॅम जात असतील तर उद्या ४०० करू नका. एकदम तंतुमय पदार्थ वाढले की पोट फुगतं, गॅस होतो आणि दोष भाजीच्या माथी बसतो. दर आठवड्याला माणशी ५० ते ७५ ग्रॅम वाढवा, पाणीही वाढवा. पाच-सहा आठवड्यांत पूर्ण माप गाठता येतं.

"कडू लागतं"

कारल्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नेहमीची चूक म्हणजे मीठ लावून पाच मिनिटांत पिळणं आणि नंतर कडूपणा मारायला गूळ ओतणं. मग भाजी गोडही लागते आणि कडूही.

२५० ग्रॅम कारली घ्या. वरचे खडबडीत उंचवटे सुरीच्या पाठीनं खरवडा. उभी चिरून बिया आणि पांढरा गर पूर्ण काढा. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. जाड फोडींत मीठ आतपर्यंत जात नाही. सपाट एक चमचा मीठ चोळून ३० मिनिटं ठेवा, दोन्ही हातांनी घट्ट पिळा, एकदा पाण्यातून काढा आणि पुन्हा पिळा. आता कढईत तीन चमचे तेलात मध्यम आचेवर झाकण न ठेवता १२ ते १५ मिनिटं परता, कडा तपकिरी होईपर्यंत. त्यानंतर बारीक चिरलेला एक कांदा, तो मऊ झाला की लाल तिखट, एक चमचा चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ आणि शेवटी तीन मोठे चमचे शेंगदाण्याचा कूट. मीठ चाखूनच घाला, चकत्यांमध्ये थोडं उरलेलं असतं.

मीठ इथे दोन कामं करतं. ते कडू रस बाहेर ओढतं आणि शिवाय जिभेला कडू चव कमी जाणवू देतं. म्हणून कारल्याची किंवा मेथीची भाजी अळणी राहिली की आहे त्यापेक्षा कडू लागते.

मेथी कडू होण्याचं कारण बहुधा विळीवर असतं. जितकी बारीक चिराल तितका रस सुटतो. पानं आणि कोवळे देठ तेवढे घ्या, धुऊन निथळू द्या, मग जाडसर चिरा किंवा अख्खीच पानं परता. चिरल्यावर धुऊ नका. लसणाच्या आठ-दहा पाकळ्यांची खरपूस फोडणी आणि दोन मुठी भिजवलेली मूगडाळ घातली की नवख्या माणसालाही मेथी जाते.

काही माणसांना कडू खरोखरच जास्त लागतं, हे नखरे नसतात. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकी रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं की एकच पदार्थ काहींना जहर कडू लागतो आणि काहींना त्याला चवच नसते. हा फरक जन्मजात असतो, आणि कोबी, मुळा, मोहरी या कुळातल्या भाज्यांमधले कडवट घटक अशा माणसांना जास्त टोचतात. घरात एखाद्याला हे लागू असेल तर त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला भोपळा, गाजर, वाटाणा, बीट, टोमॅटो यांवर माप पूर्ण करू द्या.

एक गोष्ट मात्र कधीच चालवून घेऊ नका. दुधी, दोडका, घोसाळं, काकडी, वाळूक यांपैकी काही कडू लागलं तर ते फेकून द्या. या वेलवर्गी फळांमध्ये कधीकधी विषारी कडू द्रव्य वाढतं, आणि वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन कडक झालं की ते वाढण्याची शक्यता जास्त. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन्ही असतं. शिजवून किंवा गूळ घालून ते जात नाही. चिरताना प्रत्येक फळाचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू असेल तर थुंका आणि अख्खं फळ टाका. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. असं काही पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठा.

"बुळबुळीत लागतं"

भेंडीतला चिकट पदार्थ पाण्यात विरघळतो. म्हणजे पाणी, वाफ आणि झाकण हे तिघे तिचे शत्रू, आणि कोरडी आच व आंबट हे मित्र. भेंडी अख्खी धुवा, फडक्यानं एकेक पुसा, अर्धा तास पंख्याखाली पसरून ठेवा. सुरीही कोरडी हवी. एक-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. लोखंडी कढई चांगली तापली की तीन चमचे तेल, मग भेंडी. एका वेळी २५० ग्रॅमच. अर्धा किलो एकदम टाकली की खालची भेंडी वरच्या भेंडीच्या वाफेत शिजते आणि तार सुटते. घरोघरी हीच चूक होते, कारण चार माणसांना अर्धा किलो लागते आणि कढई एकच असते. दोन घाणे करा.

पहिली पाच मिनिटं फार हलवू नका. मग एक चमचा लिंबाचा रस किंवा दोन मोठे चमचे घट्ट दही घाला आणि परतत राहा. आणखी सात-आठ मिनिटांत तार नाहीशी होते. मीठ अगदी शेवटी, कारण मिठानं पाणी सुटतं.

भेंडी विकत घेताना शेंडा वाकवून पाहा. कट्कन मोडली तर कोवळी, नुसती वाकली तर आत दोरे. येलो व्हेन मोझॅक या रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' ही जात परभणीच्याच कृषी विद्यापीठानं दिली. भेंडी आपल्या मातीची भाजी आहे, ती नुसत्या चिकटपणापायी सोडू नये.

"वास सहन होत नाही"

कोबी आणि फुलकोबी जास्त वेळ शिजली की त्यांतल्या गंधकयुक्त घटकांपासून उग्र वासाचे वायू तयार होतात. डब्यात बंद केलेल्या कोबीचा वास तोच. कोबी कुकरला लावू नका. लांब पातळ चिरा, मोठ्या आचेवर झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं परता, थोडी करकरीत असतानाच उतरवा. आणखी सोपं म्हणजे शिजवायचीच नाही: २०० ग्रॅम बारीक चिरलेली कोबी, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि वरून हिरवी मिरची-जिऱ्याची चुरचुरीत फोडणी. ही पचडी चार माणसांना पुरते आणि दहा मिनिटांत होते. मीठ पानावर बसताना घाला, आधी घातलं तर पाणी सुटून मऊ पडते.

शेपूचं तसं नाही. तिचा वास तिच्या सुगंधी तेलाचा, आच कमी-जास्त करून तो जात नाही. प्रमाण कमी करा: १५० ग्रॅम पालक किंवा चुक्यात ५० ग्रॅम शेपू, सोबत मूगडाळ आणि भरपूर लसूण. दोन-तीन आठवड्यांनी शेपू वाढवा. ज्यांना जमलं नाही त्यांनी शेपू सोडून दिली तरी काही बिघडत नाही, पालेभाज्या पुष्कळ आहेत.

"चवच नाही, पाणचट लागतं"

दोडका, दुधी, पडवळ, घोसाळं यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वर आपण ते झाकण ठेवून, मीठ आधी टाकून, आणखी अर्धी वाटी पाणी घालून शिजवतो. मग जी भाजी तयार होते ती आजारी माणसाच्या पथ्याची.

दोडक्याची भाजी पाण्याचा थेंबही न घालता करा. अर्धा किलो दोडके, शिरा काढून फोडी. दोन मोठे चमचे हरभरा डाळ दोन तास भिजवलेली. तीन चमचे तेलात मोहरी-जिरे-लसूण, डाळ तीन मिनिटं परता, मग दोडका मोठ्या आचेवर पाच मिनिटं उघडाच. फोडींच्या कडांना रंग आला की आच कमी करा. स्वतःच्याच पाण्यात आठ-दहा मिनिटांत शिजतो. काळं तिखट, मीठ आणि चार मोठे चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट शेवटी. कूट उरलेलं पाणी शोषतो आणि जिभेला धरायला काहीतरी देतो. कुटाच्या जागी जवसाची किंवा कारळाची चटणी घातली तर चव पूर्ण बदलते. आठवड्यात दोनदा दोडका आला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

काढलेल्या शिरा टाकू नका. दोन चमचे तेलात मंद आचेवर सात-आठ मिनिटं कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, त्याच कढईत दोन मोठे चमचे तीळ आणि मूठभर शेंगदाणे भाजायचे, लसूण, लाल तिखट, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटायचं. दोडका न खाणारी मुलंही ही चटणी भाकरीवर मागून घेतात.

दुधी आमटीत चांगला जातो, पण नुसत्या वरणात नाही, येसराच्या आमटीत. येसर भाजलेल्या धान्या-डाळींचा आणि मसाल्याचा असल्यामुळे आमटीला दाटपणा आणि खमंगपणा दोन्ही येतो. चार माणसांना ३०० ग्रॅम दुधीच्या लहान फोडी आधी तेलात पाच मिनिटं परतून घ्या, मग तीन मोठे चमचे येसर थंड पाण्यात कालवून ओता. गरम पाण्यात कालवला तर गुठळ्या होतात.

"दोरे येतात, नीट शिजतच नाही"

गवार, शेवगा, जून पालेभाजी यांची ही तक्रार. निम्मा उपाय बाजारातच होतो: गवारीची शेंग मोडून बघा, आवाज न करता चिंबली की जून. घरी शिरा काढताना दोन्ही कडांच्या काढा, एकाच कडेची काढून भागत नाही.

उरलेलं कारण पाण्यात आहे. मराठवाड्यात बऱ्याच गावांत स्वयंपाकाला बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. त्यातला कॅल्शियम भाजीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतो. मग गवार वीस मिनिटं उकळूनही टणक राहते, आणि डाळही. शिजवण्यापुरतं आरओ फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरून बघा, फरक त्याच दिवशी कळेल. चिंच, टोमॅटो, आमसूल हे आंबट पदार्थही भाजी शिजण्याआधी घातले तर तिला टणक ठेवतात. ते भाजी मऊ झाल्यावरच घाला. चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची सवय मात्र सोडा. भाजी हिरवी दिसते आणि लवकर शिजते खरी, पण तिचा लगदा होतो आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

पालेभाजीत दाताखाली करकर आली की एका घासात माणूस ताट सारतो. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन भाजी बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा आणि भाजी वर उचलून काढा. पातेलं चाळणीत उपडं केलं तर खाली बसलेली माती पुन्हा भाजीवरच येते. असं तीनदा, तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत.

सगळ्या तक्रारींवर चालणारं एक कालवण: येळवशीची भज्जी

लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागात वेळ अमावस्येला, म्हणजेच येळवशीला, शेतात जी भज्जी होते, ती या विषयावरचं सगळ्यात हुशार उत्तर आहे. तिच्यात पालेभाज्या, शेंगांचे दाणे, गाजर, वांगं सगळं एकत्र येतं. बेसनानं दाटपणा येतो, चिंचेनं कडूपणा आणि उग्रपणा दबतो, शेंगदाणे आणि सोल्यांमुळे (ओल्या दाण्यांमुळे) चावायला काहीतरी मिळतं. एकही भाजी एकटी पुढे येत नाही. वर्षभर भाजी नाकारणारे लोक त्या दिवशी तीन वाट्या भज्जी खातात, आणि नंतर आपण ती वर्षभर विसरतो. ती हिवाळ्यात दर आठवड्याला करावी.

चार माणसांना: मेथी, पालक, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला यांपैकी जे मिळेल ते मिळून ३०० ग्रॅम, तुरीचे, वालाचे किंवा वाटाण्याचे ओले दाणे १५० ग्रॅम, वांगं १५० ग्रॅम, गाजर १०० ग्रॅम, शेंगदाणे ५० ग्रॅम, बेसन तीन मोठे चमचे, चिंच लिंबाएवढी, हिरव्या मिरच्या सहा-सात, लसणाच्या १२ पाकळ्या आणि जिरे यांचा ठेचा.

शेंगदाणे आणि दाणे कुकरला दोन शिट्ट्या करून घ्या. मोठ्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेलाची फोडणी, त्यात ठेचा, मग गाजर-वांगं तीन मिनिटं. शिजलेले दाणे पाण्यासकट घाला, चिरलेल्या पालेभाज्या घाला, सात-आठ मिनिटं शिजवा. रवीनं चार-पाच वेळाच घोटा. जास्त घोटलं तर गरगटा होतो, आणि ज्यांना लगदा आवडत नाही ते उठून जातात. बेसन एक वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवून ओता, लागेल तसं गरम पाणी घाला आणि मंद आचेवर किमान दहा मिनिटं उकळा. बेसनाचा कच्चा वास राहण्याचं कारण एकच, घाई. चिंचेचा कोळ आणि मीठ त्यानंतर. हिशेब केला तर एका माणसाच्या वाट्याला १७५ ग्रॅम भाजी येते, म्हणजे एका जेवणात दिवसाची चाळीस टक्क्यांहून जास्त. सोबत बाजरीची भाकरी किंवा उंडे (पिठाचे उकडलेले गोळे).

उन्हाळ्यात ओले दाणे नसतात. तेव्हा रात्रभर भिजवलेली मटकी, आणि पाल्याच्या जागी तांदुळजा, घोळ, अंबाडी किंवा शेवग्याचा पाला. अंबाडी असेल तर चिंच नको, ती स्वतःच आंबट आहे.

धपाट्यात लपवणं: चालतं, पण हिशेब ठेवून

२५० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम गव्हाचं, ५० ग्रॅम बेसन आणि त्यात २५० ग्रॅम चिरलेली मेथी किंवा किसलेला दुधी. तीळ, ओवा, हळद, लसूण-मिरचीचा ठेचा. भाजीत मीठ आधी मिसळून दहा मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच पीठ मळा आणि लागलं तरच वरून पाणी घ्या. मळलेला गोळा ठेवून दिला तर भाजी आणखी पाणी सोडते, पीठ सैल पडतं आणि ओल्या फडक्यावर थापलेला धपाटा तव्यावर टाकताना तुटतो. मळलं की लगेच थापा. नऊ-दहा धपाटे होतात, म्हणजे एका धपाट्यात साधारण २५ ग्रॅम भाजी. तीन खाल्ले तरी ७५. दह्याबरोबर तीन धपाटे खाऊन भाजीचं माप पूर्ण झालं असं समजू नका.

शिवाय लपवलेली भाजी जिभेला ओळखीची होत नाही. धपाट्यात मेथी असेल तर ताटात गाजराच्या चार फोडी दिसत्या ठेवा.

ठेचा-भाकरी आवडणाऱ्यांसाठी याहून चांगली वाट आहे. ठेचा काढून घेऊ नका, त्यात भाजी घाला. चार टोमॅटो (सुमारे २५० ग्रॅम) किंवा एक भरताचं वांगं गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजा, पाच मिरच्या आणि लसूण तव्यावर भाजा, जाडसर ठेचा, वरून कूट आणि कच्चं तेल. हे भाकरीला लावण्याइतकंच झणझणीत लागतं, पण माणशी ६०-७० ग्रॅम भाजी जाते.

पुन्हा पुन्हा गाडी घसरते ती कुठे

पहिली जागा आठवडी बाजार. बाजार झाल्यावर तीन दिवस घरात भाजी असते, चौथ्या दिवशी जुडी पिवळी पडते आणि मग पिठलं. आणलेली भाजी कोणत्या क्रमानं संपवायची हे बाजाराच्या दिवशीच ठरवा. पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग भेंडी, गवार, वांगी, दोडका. कोबी, गाजर, बीट, दुधी, काशीफळ शेवटच्या तीन दिवसांना. जुडी न धुता, दोरी सोडून, पिवळी पानं काढून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर चार दिवस टिकते. ओली ठेवली तर दुसऱ्याच दिवशी चिकट होते. फ्रिज नसेल तर विटांवर ठेवलेल्या टोपलीवर ओलं गोणपाट टाका, दिवसातून तीनदा पाणी शिंपडा. बाजूनं वारा खेळला पाहिजे, नाहीतर उलट कुजते.

मार्च ते जूनमध्ये भाजी महागते आणि चांगली मिळत नाही. त्यासाठी हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला सावलीत वाळवून हवाबंद डब्यात भरा. उन्हाळ्यात दोन मुठी वाळला पाला चुरून, तूरडाळीत शिजवून, लसणाची फोडणी दिली की चांगलं कालवण होतं. क जीवनसत्त्व वाळवताना बरंचसं जातं, म्हणून वरून लिंबू पिळा. त्यानं पाल्यातलं लोहही अंगी जास्त लागतं. सांडगे मात्र भाजीत धरू नका, ते बहुतांशी डाळच असतात.

दुसरी जागा भुकेची वेळ. ताट वाढल्यावर भाकरी-वरणानं पोट भरतं, भाजी मागे राहते. जेवणाच्या १५ मिनिटं आधी, भूक कडकडून लागलेली असताना, काकडी, गाजर, मुळा, टोमॅटोची थाळी मधे ठेवा आणि दुसरं काही ठेवू नका. एका मध्यम गाजराचे ७०-८० ग्रॅम असे सहज जातात.

तिसरी जागा मुलं. "ही संपव, मग गुलाबजाम" हे वाक्य भाजीला शिक्षा आणि गोडाला बक्षीस बनवतं. नवी भाजी मुलानं स्वीकारायला साधारण ८ ते १५ वेळा चाखावी लागते, आणि बहुतेक घरं तिसऱ्या वेळी थांबतात. दर खेपेला एक छोटा चमचाच वाढा, दिवसाआड. चाखून बाजूला ठेवलं तरी ती खेप मोजली जाते. त्या भाजीऐवजी लगेच वेगळं काही करून देऊ नका. ताटात भाकरी, वरण, दही असतंच, मूल उपाशी राहत नाही.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना काही भाज्यांतलं पोटॅशियम चालत नाही. मुतखडा झालेल्यांनी पालक, चुका, चाकवत यांचं प्रमाण विचारून ठरवावं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत आणि एकदम बंदही करू नयेत, कारण त्यांतल्या के जीवनसत्त्वानं औषधाचा परिणाम बदलतो.

मेसच्या डब्यावर असाल तर

लातूर, नांदेड, संभाजीनगरला शिकणाऱ्या मुलांच्या डब्यात बटाट्याचा रस्सा आणि पातळ वरण हाच नेम असतो, आणि खोलीवर गॅस नसतो. तरीही २५० ग्रॅम जमतं. चार दिवसांतून एकदा चार गाजरं, चार काकड्या, सहा टोमॅटो, दोन लिंबं आणि कोवळी मेथीची एक जुडी आणा. रोज दुपारी एक गाजर-एक काकडी चिरून जेवणाआधी, रात्री दीड टोमॅटो चिरून वरणात. मेथीची कोवळी पानं तीन पाण्यांतून धुऊन, कांदा, मीठ, लिंबू आणि घरून आणलेला शेंगदाण्याचा कूट घालून कालवा; पाच मिनिटं मुरू द्या, कडूपणा उतरतो. त्यासाठी लागतं ते एक सुरी, एक ताटली आणि कुटाचा डबा. कूट आईकडून जाडसरच कुटून घ्या, बारीक असला तर तेल सुटून आठवडाभरातच खवट लागतो.